उरलेल्याचा दोन तृतीयांश

वहीच्या पानावर हे शाब्दिक उदाहरण आहे. 'सुमनताईंनी महिन्याच्या कमाईचा २/५ भाग घरखर्चाला दिला. उरलेल्या रकमेचा २/३ भाग मुलांच्या फीला गेला. शिल्लक राहिलेले ३,६०० रुपये त्यांनी बचत खात्यात ठेवले. तर त्यांची कमाई किती?'

आकडे सोपे आहेत. अडतं ते 'उरलेल्या' या एका शब्दापाशी. त्याला पेन्सिलीनं गोल करा. २/५ हा अख्ख्या कमाईचा भाग आहे, २/३ मात्र उरलेल्या पैशांचा. अपूर्णांक दिसला की आधी विचारायचं, 'कशाचा?' हे न विचारता मुलं २/५ आणि २/३ यांची बेरीज करतात. येतात १६/१५. कमाईपेक्षा खर्चच जास्त झाला, मग बचत कुठून? इथं निदान चूक उघडी तरी पडते. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणाऱ्यांना ४/८, म्हणजे अर्धा मिळतो, आणि ते ३,६०० ची दुप्पट करून ७,२०० लिहून मोकळे होतात.

आता कागदाची पट्टी घेऊ. लांबी १५ सेंटिमीटर, दर ३ सेंटिमीटरवर रेघ. झाले पाच सारखे भाग. पहिले दोन घरखर्चाचे. ते कात्रीनं कापून बाजूला ठेवा. नुसते रंगवून सोडले तर नजर पुन्हा पाचांकडेच जाते, म्हणून कापणं महत्त्वाचं. हातात राहिले तीन भाग, त्यांतले दोन फीचे. तेही कापा. हा उरलेला एक तुकडा म्हणजे ३,६०० रुपये. असे पाच, म्हणजे १८,०००.

दरवेळी रेघा इतक्या नेमक्या जुळत नाहीत. १/३ भाडं, उरलेल्याचा १/४ किराणा, शिल्लक ३,६००. पट्टीचे तीन भाग, एक कापला, राहिले दोन. दोनाचे चार करायचे, तर प्रत्येक भाग मधोमध दुमडा. चार अर्ध्यांतला एक गेला, तीन अर्धे उरले. म्हणजे दीड भाग ३,६०० चा. एक भाग २,४०० चा, आणि तीन मिळून कमाई ७,२००.

याच उदाहरणात चूक लपून बसते. १/३ आणि १/४ यांची बेरीज ७/१२, उरले ५/१२, त्यावरून कमाई येते ८,६४०. पडताळाही जुळतो! २,८८० भाडं, २,१६० किराणा, शिल्लक ३,६००. कारण पडताळ्यातही १/४ पूर्ण रकमेचाच धरला. पडताळा आपल्या मांडणीवरून न करता उदाहरणाचं एकेक वाक्य वाचत करायचा. ८,६४० मधून भाडं वजा केलं की ५,७६०, त्याचा पाव हिस्सा १,४४०, शिल्लक ४,३२०. जुळत नाही.

अशा उदाहरणांना भास्कराचार्यांनी ११५० च्या 'लीलावती'त 'शेषजाती' म्हटलं आहे. शेष म्हणजे उरलेलं. त्यांचा यात्रेकरू निम्मं धन प्रयागला देतो, उरलेल्याचा २/९ काशीला, त्यातून उरलेल्याचा १/४ वाटेतल्या जकातीला, मग राहिलेल्याचा ६/१० गयेला, आणि ६३ निष्क (जुन्या काळचं नाणं) घेऊन घरी परततो.

शेवटाकडून मागे चला. गयेला ६/१० गेले, म्हणजे ६३ हे ४/१० आहेत. गयेआधीची रक्कम एकशे साडेसत्तावन्न, म्हणजे १५७ १/२. अर्धा निष्क दिसला की 'चुकलं' म्हणून मुलं इथंच खोडरबर उचलतात. खोडू नका. जकातीनंतर ३/४ उरले, ते हेच १५७ १/२. तर जकातीआधी २१०. काशीनंतर उरलेले ७/९ म्हणजे २१०, तर काशीआधी २७०. ते निम्मे. घरून निघताना यात्रेकरूजवळ ५४० निष्क होते, आणि जकात बसली साडेबावन्न.