दशैंचा टिळा

श्रोतेहो, नमस्कार.

पूर्व नेपाळमधली बेलडांगीची निर्वासित छावणी डोळ्यांसमोर आणा. नेपाळी लोकांच्या दशैं सणाची विजयादशमी आहे. बांबूच्या झोपडीपुढे आजोबा ताट घेऊन बसलेत. ताटात दह्यात कालवलेले लाल तांदूळ आणि जवाचे पिवळे कोंब, म्हणजे जमरा. नातवंडं रांगेनं टिळा लावून घेतायत. धाकटा मुलगा तेवढा दाराशीच घुटमळतोय. त्यानं बाप्तिस्मा घेतलाय, टिळा आता चालत नाही. छावण्यांतल्या कितीतरी घरांनी हा प्रसंग अनुभवलाय.

ही माणसं मूळची भूतानची, नेपाळी बोलणारी ल्होत्साम्पा. १९८५च्या कायद्यानं त्यांच्याकडे १९५८ सालच्या वास्तव्याचा पुरावा मागितला. मग भूतानी पोशाख सक्तीचा झाला, शाळांतून नेपाळी गेली. १९९०च्या सुमारास हाकललेली लाखभर माणसं झापा आणि मोरंग जिल्ह्यांतल्या सात छावण्यांत अडकली. भूतान परत घेईना, नेपाळ आपलं म्हणेना.

यांतले अनेकजण छावणीत ख्रिस्ती झाले. तांदळापायी बाटले, असं लोक सहज म्हणून जातात. मला ते पटत नाही. शिधा तर छावणीत सगळ्यांनाच मिळत होता, टिळा लावणाऱ्यालाही. खरं कारण आजारपणात सापडतं. पोर तापानं फणफणलं की धामी बोलवायचा, आपण ज्याला देवऋषी म्हणू तो. त्याला कोंबडा हवा, दक्षिणा हवी. पेंटेकोस्टल मंडळी, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरा होतो असं मानणारे ख्रिस्ती, मात्र स्वतःहून येतात, डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना करतात, पैसा घेत नाहीत. आणि भूत खोटं, असं ती म्हणतच नाहीत! भूत आहे, पण आमचा येशू त्याला भारी आहे, असं म्हणतात. बाधेच्या भीतीत वाढलेल्या माणसाला हे लगेच समजतं. त्यात कामी, दमाई, सार्की या अस्पृश्य मानलेल्या नेपाळी जातींना ज्या घरांच्या उंबऱ्याआत घेत नसत, तिथलीच माणसं प्रार्थनेला त्यांच्या शेजारी एका चटईवर बसतात. ही काही लहान गोष्ट नाही.

किंमत मोजावी लागतेच. बाप गेला की डोकं भादरून, पांढरं नेसून तेरा दिवस क्रियेला कोण बसणार? त्यावरून भाऊ भावाशी बोलेनासा होतो.

२००७च्या अखेरीपासून लाखाहून अधिक लोक परदेशी गेले, बहुतेक अमेरिकेत. कोलंबस, हॅरिसबर्ग अशा शहरांत त्यांची वस्ती वाढली. नेपाळात सुट्टी शनिवारची, म्हणून प्रार्थनाही शनिवारी व्हायची. ती आता रविवारवर गेली. पोरं आपसांत इंग्रजी बोलतात, पण चर्चमध्ये बायबल नेपाळी, भजनं नेपाळी, साथीला मादल हा नेपाळी ढोल. भेटल्यावर 'जय मसीह'. ज्या भाषेपायी भूताननं यांना परकं ठरवलं, ती भाषा टिळा सोडलेल्यांच्या भजनांच्या वहीत टिकून आहे. गंमतच म्हणायची.

टिळ्यावर काही घरांनी तोडगा काढलाय. दशमीला मुलगा येतो, म्हातारा ताट बाजूला सारतो आणि नुसता हात त्याच्या डोक्यावर ठेवतो. तेराव्याचं मात्र इतक्या सहज निभत नाही.

नमस्कार.