कमानीतला शिलालेख

[ओल्ड गोवा. फेरीधक्का, कमान.]

दिवाडीची फेरीबोट धक्क्याला लागली की माणसं या कमानीखालून ओल्ड गोव्यात शिरतात. वर वास्को द गामाचा पुतळा आहे, सगळे त्याचाच फोटो काढतात. आतल्या भिंतीतली ही पाटी मात्र कोणी वाचत नाही. तिच्यावर राजा चौथा जुआंव याचं नाव आहे, आणि पोर्तुगालनं 1640 साली परत मिळवलेल्या स्वातंत्र्याची आठवण.

पोर्तुगाल साठ वर्षं स्पेनच्या राजाखाली होता, हे आपल्याला शाळेत कोणी सांगितलंच नाही.

[तोमार, पोर्तुगाल. मठाची खिडकी.]

दगडात कोरलेले हे दोरखंड पाहा, ही पोवळी, हे समुद्रशेवाळ. दर्यावर्दी पोर्तुगालचा सगळा अभिमान या एका खिडकीत आहे. 1578 मध्ये तरुण राजा सेबॅस्टियन मोरोक्कोच्या लढाईत पडला. त्याला मूलबाळ नव्हतं. स्पेनचा दुसरा फिलिप हा पोर्तुगालच्या मानुएल राजाच्या मुलीचा मुलगा. त्यानं वारसाहक्क सांगितला आणि सोबत फौजही पाठवली. 1581 च्या एप्रिलमध्ये याच तोमारला सरदार, धर्मगुरू आणि शहरांचे प्रतिनिधी जमले. त्यांनी फिलिपला राजा मानलं, पण अटी घालून. कायदे आमचे, नाणं आमचं, अधिकारी आमचे, हिंदुस्थानचा व्यापार आमच्याच हातात. आणि कारभाराची भाषा पोर्तुगीज. फिलिपनं शपथ घेतली.

राजा एक, राज्यं वेगळी. त्या काळच्या युरोपात ही रीतच होती. आरागॉन, नेपल्स, सिसिली यांचाही राजा हाच फिलिप, पण प्रत्येकाचा कायदा वेगळा. गोव्यातही या साठ वर्षांत विजरई, म्हणजे राजाचे प्रतिनिधी, आले ते पोर्तुगीजच.

[एव्होरा, पोर्तुगाल. गल्ल्या, चौक.]

दुसऱ्या फिलिपच्या नातवाच्या काळात, चौथ्या फिलिपच्या राज्यात, अटी ढिल्या पडल्या. त्याचा मंत्री ओलिव्हारेस याला सगळ्या राज्यांकडून फौज आणि पैसा हवा होता. नवे कर बसले. 1637 मध्ये एव्होरा पेटलं. बंडाच्या जाहीरनाम्यांवर सही असायची मानुएलिन्यूची. हा गावातला एक भोळसट माणूस. त्याच्या नावाआड खरे लिहिणारे सुरक्षित राहिले.

[लिस्बन. नदीकाठचा चौक.]

राजवाडा इथेच होता. 1755 च्या भूकंपात तो गेला. 1 डिसेंबर 1640 च्या सकाळी सुमारे चाळीस सरदार आत घुसले. स्पेनच्या राजाचा इथला सचिव मिगेल द व्हास्कोन्सेलुश कागदांच्या कपाटात लपला होता. तो स्वतः पोर्तुगीजच, पण माद्रिदचा माणूस. त्याला तिथेच गोळी घातली आणि खिडकीतून खाली फेकलं. ब्रागांसाचा ड्यूक, एक बडा पोर्तुगीज सरदार, राजा झाला, चौथा जुआंव.

[पुन्हा कमान, पाटी जवळून.]

बातमी 1641 च्या सप्टेंबरमध्ये गोव्यात पोहोचली आणि नव्या राजाची द्वाही फिरली. स्पेनशी लढाई 1668 पर्यंत चालली. त्या लढाईत इंग्लंडची साथ हवी होती, म्हणून जुआंवची मुलगी कॅथरीन तिथे दिली आणि हुंड्यात मुंबई गेली.

स्पेनशी तह झाल्यावर सोळा वर्षांनी, 1684 मध्ये, गोव्याच्या विजरईनं हुकूम काढला: तीन वर्षांच्या आत कोकणी बोलणं बंद करा, पोर्तुगीज बोला.