खांदेरी : तोफा चालू, बांधकामही चालू

अलिबागजवळ थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर समुद्रात दोन बेटं दिसतात, अलीकडचं उंदेरी आणि पलीकडचं खांदेरी. खांदेरी मुंबईपासून जेमतेम वीस किलोमीटर, म्हणजे बंदरात कोण येतंय कोण जातंय सगळं इथून कळणार, शिवाय जंजिऱ्याच्या सिद्दीचं आरमार पावसाळ्यात मुंबईत येऊन बसायचं त्यालाही चाप. म्हणून शिवाजी महाराजांनी १६७२ मध्येच इथे काम काढलं होतं, पण इंग्रज आणि सिद्दी दोघंही आडवे आले आणि ते राहिलं.

मग ऑगस्ट १६७९. पाऊस अजून पुरता गेलेला नाही आणि महाराजांचे आरमारी सरदार मायनाक भंडारी दीडशेक माणसं, चार तोफा घेऊन बेटावर उतरले. लगेच तटाचं काम सुरू! इंग्रज म्हणाले बेट आमचं, निघा. मायनाकांचं उत्तर एकच, राजांचा हुकूम आल्याशिवाय हलणार नाही. सप्टेंबरात लेफ्टनंट थॉर्प बेटावर घुसायला गेला आणि मारला गेला.

आता इंग्रजांनी नाकेबंदी केली, आणि खरी गंमत इथे आहे. त्यांची मोठी जहाजं वाऱ्यावर अवलंबून, खडकाळ उथळ पाण्यात शिरायची सोय नाही, आणि आपल्या छोट्या होड्या रात्री वल्ही मारत थळकडून निघायच्या, धान्य, दारूगोळा, बांधकामाचं सामान उतरवून उजाडायच्या आत परत. पहारा बसलाय तिथेच आणि तट रोज थोडा वर येतोय, इंग्रज अधिकारी पत्रांतून नुसते वैतागलेत.

१८ ऑक्टोबरला पहाटे महाराजांचा आरमारी सरदार दौलतखान नागावकडून आरमार घेऊन इंग्रजांवर चालून गेला. त्यांची डव्ह नावाची गुराब (शिडाचं लढाऊ जहाज) आपल्या हाती लागली, बाकीची जहाजं पांगली, रिव्हेंज मात्र एकटी जोरात लढली आणि दौलतखानाला मागे फिरावं लागलं. लढाई कोण जिंकलं यावर वाद घालत बसा, पण बेटावर रसद पोचत राहिली आणि माझ्या मते निकाल तिथेच लागला.

नोव्हेंबरात सिद्दी कासम मोठं आरमार घेऊन आला, तोफा डागल्या, तरी खांदेरी पडेना. इंग्रजांनी खर्चाला कंटाळून जानेवारी १६८० मध्ये महाराजांशी तह केला. सिद्दीने मात्र त्याच महिन्यात शेजारचं उंदेरी बळकावून तिथे स्वतःची तटबंदी सुरू केली, म्हणजे आता दोन बेटं समोरासमोर आणि दोन्हीकडे तोफा.

आणि ज्या इंग्रजांना हे बांधकाम नकोच होतं, त्यांनीच पुढे १८६७ साली खांदेरीवर दीपगृह बांधलं. ते अजून चालू आहे.