ऑस्ट्रेलिया कुठं गेला?

(दृश्य: मिरज, सतारमेकर गल्ली. कानशीचा आवाज.)

तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरतेय. दोन हात मारायचे, तार छेडायची, कान द्यायचा, पुन्हा घासायचं. जवारी, म्हणजे तारेचा तो घुमणारा नाद, लागेपर्यंत हे असंच चालतं. याच गल्लीतल्या एका कारागिरावर आम्ही बारा मिनिटांची फिल्म केली होती. तिच्याकडं येतोच. आधी एका नावाजलेल्या माहितीपटाबद्दल बोलायचंय, कारण आमची चूक आम्हाला त्याच्यामुळं दिसली.

'सर्चिंग फॉर शुगर मॅन', 2012 सालचा. दिग्दर्शक मलिक बेंजेलूल. पुढच्याच वर्षी त्याला ऑस्कर मिळालं. नायक आहे अमेरिकेतल्या डेट्रॉइटचा रॉक गायक सिक्स्तो रॉड्रिग्ज. 1970 आणि 1971 मध्ये त्याच्या दोन रेकॉर्ड निघाल्या. अमेरिकेत कुणी विचारलं नाही, तो घरं पाडण्याच्या कामावर मजुरीला लागला. तिकडं वर्णभेदी राजवटीतल्या दक्षिण आफ्रिकेत मात्र त्याची गाणी तरुणांच्या तोंडी बसली. गायकानं मंचावरच जीव दिला, असंही लोक सांगायचे. नव्वदच्या दशकात चाहते शोधायला निघाले, तर माणूस जिवंत! 1998 मध्ये तो दक्षिण आफ्रिकेत जाऊन हजारोंसमोर गायला.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी रडलो होतो. आजही तो मंच पडद्यावर आला की घसा दाटून येतो. म्हणूनच पुढचं कळल्यावर जास्त लागलं.

रॉड्रिग्ज 1979 मध्ये ऑस्ट्रेलियाचा दौरा करून आला होता. 1981 मध्ये पुन्हा गेला, तेव्हा मिडनाइट ऑइल हा तिथला बँड सोबत होता. पहिल्या दौऱ्यातल्या गाण्यांची रेकॉर्डही तिकडं निघाली. तिचं नाव 'अलाइव्ह'. म्हणजे जिवंत. मेल्याच्या अफवेवर उभ्या असलेल्या माहितीपटात या रेकॉर्डचा उल्लेख नाही. ऑस्ट्रेलियाचंच नाव नाही.

का, ते उघड आहे. टाळी एकदाच पडली, तीही 1998 मध्ये, असं दाखवलं की डोळ्यांत पाणी येतं. पण मला राहून राहून दिसतो तो ऑस्ट्रेलियाहून परतलेला माणूस. लोकांचं प्रेम डोळ्यांनी पाहून आलेला, आणि डेट्रॉइटमध्ये पुन्हा हातोडा उचलणारा. ज्याला कुणी ओळखतच नाही त्याची मजुरी वेगळी आणि याची वेगळी. ते मन कसं सावरलं असेल? हा प्रश्न त्याला विचारायला हवा होता. 2023 मध्ये रॉड्रिग्ज गेला.

दक्षिण आफ्रिकेत विकल्या गेलेल्या रेकॉर्डचे पैसे कुठं मुरले, हा धागाही माहितीपट उचलतो. रेकॉर्ड कंपनीचा जुना मालक कॅमेऱ्यासमोर चिडतो आणि विषय तिथंच सुटतो. आठवणी सांगणारे दक्षिण आफ्रिकी चाहतेही बहुतेक सगळे गोरे.

(दृश्य: दुकानाची मागची खोली.)

आता आमचं. फिल्मच्या शेवटी आम्ही निवेदनात म्हणून गेलो की हे हात थांबले की या घरातली कला संपली. त्या कारागिरानं, आमच्या चाचांनी, ती मोबाइलवर पूर्ण पाहिली. मग एवढंच म्हणाले, "आरं, आणि माझा पोरगा कुठाय ह्यात?"

पोरगा याच खोलीत होता. शूटिंगच्या दोन्ही दिवशी. भोपळ्याला दांडी जोडत होता, खुंट्या बसवत होता. तो चौकटीत येऊ नये म्हणून मी स्वतः कॅमेरा डावीकडं सरकवला होता. म्हातारा कारागीर एकटा दिसला की फिल्म भारी होते, हे मला माहीत होतं.

ती फिल्म आम्ही काढून टाकली. आज नव्यानं आलोय. चाचा दारात बसून चहा पितायत, घोडीवर काम पोराचं चाललंय. कानस बाजूला ठेवलीय. तार आणि घोडीच्या मध्ये तो सुताचा धागा सरकवतोय, जरा पुढं, जरा मागं.

"लागली का रं?" चाचा दारातनंच विचारतात.

"थांबा की अब्बा, जरा."

(तंबोऱ्याचा आवाज. निवेदन इथं थांबतं.)