रिजेक्ट वाढलं? कॅमेऱ्याला दोष देण्याआधी वर बघा

नमस्कार मंडळी! मागच्या मे महिन्यात नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतून फोन आला. तिथे पट्ट्यावरून जाणाऱ्या बाटल्यांची टोपणं नीट बसली का हे कॅमेरा तपासतो आणि खराब बाटली रिजेक्ट करून बाजूला फेकायला लावतो. "भाऊ, कॅमेरा गेला आमचा. सकाळी बरोबर चालते, चार वाजले का चांगल्या बाटल्याही फेकते."

आता मला सांगा, कॅमेरा घड्याळ बघून बिघडतो का?

तिथे पोचल्यावर मी आधी वर बघितलं. पत्र्याच्या शेडला उजेडासाठी मधेमधे पारदर्शक शीट टाकतात ना, तसलं एक शीट नेमकं पश्चिमेच्या उतारावर. चारचं ऊन थेट टोपणांवर! कॅमेऱ्याला टोपण कळत नाही, त्याला फक्त टोपणावरून परतलेला उजेड कळतो. उजेड बदलला की त्याच्या लेखी टोपणच बदललं.

पण खरा घोळ पुढेच. रिजेक्ट थांबावं म्हणून ऑपरेटरने स्क्रीनवरची रिजेक्टची मर्यादा सैल करून ठेवली होती. मग रात्रपाळीत, ऊन नसताना, वाकडी टोपणं बिनदिक्कत पास. म्हणून माझा एक हट्ट आहे: उजेड, काच आणि स्क्रू तपासल्याशिवाय सॉफ्टवेअरच्या आकड्यांना हात लावायचा नाही.

उपाय काय केला? एक्सपोजर, म्हणजे शटर उघडं राहण्याची वेळ, २ मिलिसेकंद होतं, ते ०.२ वर आणलं आणि स्ट्रोब लाइट, म्हणजे क्षणभरच लखकन पेटणारा दिवा, त्याच्याशी जुळवला. ऊन सतत पडत असतं, त्यामुळे शटर एक दशांश वेळ उघडं राहिलं की ऊनही एक दशांशच आत येतं. स्ट्रोब मात्र आपला सगळा उजेड तेवढ्या क्षणातच ओततो. शिवाय पट्टा मिनिटाला ३० मीटर धावत होता, म्हणजे मिलिसेकंदाला अर्धा मिलिमीटर. आधी चित्र १ मिलिमीटर फरफटायचं, आता ०.१. कडा कशा लख्ख दिसायला लागल्या!

"मग नुसता गेन वाढवला असता तर?" गेन म्हणजे कॅमेऱ्याने आलेला सिग्नल वाढवून चित्र उजळ करणं, जसा रेडिओचा आवाज वाढवतो तसं. गाणं वाढतं तशी खरखरही वाढते. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक. ते एफ ८ वरून ५.६ वर (आकडा लहान तेवढं भोक मोठं) उघडलं तर उजेड दुप्पट मिळतो, पण फोकसची खोली घटते. बाटली जरा खालीवर झाली की धूसर. म्हणून आधी लाइट, मग एक्सपोजर आणि अ‍ॅपर्चर, गेन अगदी शेवटी.

आता सफाई. कॉम्प्रेसरची हवा लेन्सवर मारू नका, त्यात तेल आणि पाणी असतं. हातातल्या रबरी ब्लोअरने आधी धूळ उडवा, मग लेन्स टिश्यूवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब घेऊन हलकेच पुसा. शर्टाच्या टोकाने पुसणारे खूप बघितले आहेत, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

आणि आपल्या नागपूरचा खास शत्रू म्हणजे कूलर! माणसांसाठी लावलेला, पण त्याचे तुषार कॅमेऱ्याच्या काचेवर बसतात आणि वाळले की क्षारांचे पांढरे ठिपके. सॉफ्टवेअर त्यांना डाग समजतं. ओळखायची खूण सोपी: माल पुढे सरकतो, डाग मात्र चित्रात त्याच जागी राहतो.

उन्हाचंही बघा. बऱ्याच कॅमेऱ्यांची मर्यादा ५० अंशांच्या आसपास असते. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पत्र्याखाली काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. कॅमेरा धातूच्या ब्रॅकेटवर घट्ट बसवा, म्हणजे उष्णता त्यातून निघून जाते. एलईडीही तापला की मंदावतो, त्यामुळे सकाळी केलेलं सेटिंग दुपारी एकदा पडताळा.

फोकस आणि अ‍ॅपर्चरचे लॉक स्क्रू आवळले की रिंगवर पेंटची बारीक रेघ मारा. थरथरीने रिंग सरकली तर रेघ तुटलेली दिसते. ब्रॅकेट हलला असेल तर मात्र नुसतं फोकस करून भागत नाही, पिक्सेल ते मिलिमीटरचं कॅलिब्रेशन (चित्रातला एक ठिपका म्हणजे किती मिलिमीटर, ही जुळणी) पुन्हा करावं लागतं. आणि दर पाळीला एक चांगला व एक मुद्दाम खराब मास्टर पीस (चाचणीसाठी राखलेला नमुना) पट्ट्यावरून सोडा. खराब पीस पास झाला तर लाइन तिथेच थांबवा.

त्या हिंगण्याच्या मालकांनी शेवटी विचारलं, "नवीन कॅमेरा केवढ्याला पडेल?" मी म्हटलं, राजेहो, आधी त्या शीटखाली काळ्या फ्लेक्सचा तुकडा बांधा.