कूलर बंद करा म्हणाले तर?

नमस्कार मंडळी. आज जरा वेगळा विषय घेतोय, अणुवीज केंद्रात अपघात झाला तर शेजाऱ्यांनी काय करायचं हा. तुम्ही म्हणाल नागपुरात बसून याला हे काय सुचलं, आपल्याकडे तर कोराडी, खापरखेडा, सगळा कोळशाचाच कारभार. थांबा, येतो तिथेही.

चेर्नोबिलचा स्फोट झाला 26 एप्रिल 1986 ला, रात्री. आणि बाहेर कळलं कसं, तर 28 तारखेला सकाळी स्वीडनच्या फोर्समार्क केंद्रात एक कर्मचारी रेडिएशन तपासायच्या मशीनजवळून गेला अन् मशीन बोंबलायला लागली, त्याच्या बुटांना किरणोत्सारी कण चिकटलेले. हजार किलोमीटरच्या वर अंतर! त्या लोकांना वाटलं आपल्याच प्लांटमध्ये गळती झाली, माणसं बाहेर काढली, शोधाशोध केली, आणि सोव्हिएत सरकारने तोंड उघडलं ते त्या दिवशी संध्याकाळी. मग त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये व्हिएन्नात करार झाला, असा अपघात झाला की शेजारी देशांना ताबडतोब कळवायचं. भारतही त्यात आहे.

पण कळवणं हा त्यातल्या त्यात सोपा भाग आहे बरं का. फ्रान्सचं कातनोम केंद्र घ्या, लक्झेंबर्ग आणि जर्मनी दोन्ही अगदी जवळ. समजा सीमेच्या अलीकडच्या गावाला सांगितलं घरातच थांबा आणि पलीकडच्याला सांगितलं गाव सोडा, तर लोक कोणाचं ऐकणार? प्रत्येकाची मावशी नाहीतर साडू पलीकडे राहतोच, फोन होणारच. आयोडीनच्या गोळ्यांचंही तसंच. ती गोळी फक्त थायरॉईडला किरणोत्सारी आयोडीनपासून वाचवते, तीही वेळेवर घेतली तर, बाकी रेडिएशनवर तिचा काही उपयोग नाही, आणि जर्मनीत तर 45 च्या वरच्यांना घेऊ नका असंच सांगतात. बेल्जियमच्या तिहांज केंद्राच्या भीतीने जर्मनीतल्या आखेन शहराने 2017 मध्ये या गोळ्या आधीच वाटल्या. असा गोंधळ होऊ नये म्हणूनच त्याआधी, 2014 मध्ये, युरोपातल्या अणुसुरक्षा अधिकाऱ्यांनी ठरवलं की पहिल्या काही तासांत, माहिती अर्धवट असताना, शेजाऱ्याने आपलं वेगळं डोकं चालवू नये, अपघात जिथे झाला तिथल्या सूचनांशी जुळवून घ्यावं. मला हे पटतं.

आता आपलं. मध्य प्रदेशात मंडला जिल्ह्यात, बरगी धरणाच्या काठी, चुटका इथे 700 मेगावॅटच्या दोन युनिट्सचा प्रकल्प प्रस्तावित आहे. मंडला, मग सिवनी, मग आपण. आपल्याकडे केंद्राबाहेरचा आपत्कालीन प्लॅन साधारण 16 किलोमीटरपर्यंतचा असतो आणि तो राबवायचा जिल्हा प्रशासनाने, म्हणजे नागपूर त्यात बसत नाही हे उघड आहे. पण गावं रिकामी करायची वेळ आली तर माणसं गाड्या काढून निघणार कुठे, जबलपूरला नाहीतर नागपूरलाच ना? मग तिकडच्या कलेक्टरच्या कागदावर इकडच्या कलेक्टरचा नंबर पाहिजे, आणि सूचना हिंदी, मराठीसोबत गोंडीतही पाहिजे.

आणि एक अगदी घरगुती गोष्ट. घरात थांबा, दारं खिडक्या लावा, बाहेरची हवा आत घेऊ नका ही जगभरची पहिली सूचना. आता आपला कूलर करतो काय, तर बाहेरचीच हवा ओढून खसमधून आत फेकतो! म्हणजे कूलर बंद. मे महिन्यात, 45 डिग्रीत, घरात म्हातारी माणसं, लहान पोरं. किती तास काढणार बापा? नागपुरात 1957 मध्ये सुरू झालेलं एवढं मोठं सिव्हिल डिफेन्स कॉलेज होतं, आता ते एनडीआरएफ (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल) अकादमीत विलीन झालंय, तिथल्या लोकांनी हे बसून ठरवावं, आणि ड्रिल घ्यायचंच असेल तर डिसेंबरात नको, मे मध्ये दुपारी दोन वाजता घ्या.