घर्षण, थरथर आणि औंढ्याचे आरसे

नमस्कार श्रोतेहो. बैलगाडीच्या आखाला वंगण नसलं की चाक कुरकुरतं आणि आख तापतो. घर्षण म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. पण इलेक्ट्रॉनसारख्या कणाला घर्षण होतं का? तिथे ना आख, ना चाक.

अशा सूक्ष्म, म्हणजे क्वांटम कणांचं वागणं सांगणारं समीकरण भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगरने १९२६ साली मांडलं; त्यात घर्षणाला जागाच नाही. वेग कमी करणारी एखादी राशी वरून जोडावी, तर कण शेवटी जागच्या जागी थांबेल. मग त्याचं स्थान आणि संवेग (वस्तुमान गुणिले वेग) दोन्ही एकाच वेळी नेमके ठरतील, आणि हायझेनबर्गचा नियम हे होऊ देत नाही.

अमीर काल्देइरा आणि अँथनी लेगेट या भौतिकशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये यावर फार सुंदर विचार मांडला. कण एकटा नसतोच. भोवतीच्या असंख्य सूक्ष्म कंपनांत त्याची ऊर्जा झिरपत जाते आणि पुन्हा हाती लागत नाही. हेच त्याचं घर्षण. पण जो परिसर ऊर्जा घेतो, तोच कणाला सतत बारीक धक्केही देतो. म्हणून कण मंदावतो, पण पुरता स्थिर कधीच होत नाही. अडथळ्याच्या आरपार जाण्याची क्वांटम कणाची करामतही घर्षणामुळे कमी होते, हेही त्यांनी दाखवलं.

घर्षण आलं की थरथर आलीच. आणि ही गोष्ट थेट आपल्या हिंगोली जिल्ह्यात येऊन पोचते. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या अतिसूक्ष्म ताण-आकुंचनाच्या लहरींची, वेधशाळा होणार आहे. तिच्या चार-चार किलोमीटरच्या भुजांमध्ये ४० किलोचे आरसे टांगायचे, तेही पोलादी तारेने नाही, तर शुद्ध काचेच्या, जेमतेम ०.४ मिलिमीटर जाडीच्या धाग्यांनी! कारण धाग्यातलं आतलं घर्षण जितकं कमी, तितका आरसा कमी थरथरतो. आणि लहरीमुळे होणारी, मोजायची हालचाल तर प्रोटॉनच्या आकाराच्या हजाराव्या भागाएवढी असते.

अमेरिकेतल्या लायगोत असेच आरसे आहेत. तिथल्या शास्त्रज्ञांनी आरशांच्या एकत्रित हालचालीचं तापमान (म्हणजे त्यांची थरथर किती, याचं माप) निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे शक्य तितक्या कमी तापमानाच्या, वर फक्त ७७ अब्जांश अंशांपर्यंत उतरवलं. २०२१ मध्ये हा निकाल प्रसिद्ध झाला. किलोकिलोंच्या वस्तूची हालचाल क्वांटम मर्यादेच्या इतकी जवळ नेता आली, त्यात त्या काचेच्या धाग्यांचा वाटा मोठा आहे. औंढ्यालाही आरसे याच पद्धतीने टांगले जाणार आहेत.